आईचं मनगट, दबलेला मणका आणि "डी कमी आहे" – आणखी काय बघायला हवं?

कवडसा | ३ जून, रात्री १०:१२

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज आईला उठून बसताना पाहिलं आणि राहवलं नाही.

आई ६३ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पाय घसरून पडली, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. उंचावरून वगैरे नाही, उभ्या उभ्याच पडली. प्लास्टर झालं. तेव्हा ड जीवनसत्त्व तपासलं, ते १४ निघालं. "पाळी जाऊन बारा वर्षं झाली, वय आहे, डी कमी आहे" असं सांगून तीन महिने डीची आठवड्याची गोळी दिली आणि कॅल्शियमची रोजची गोळी कायमची सुरू केली. आईने ती एक दिवसही चुकवलेली नाही.

गेल्या महिन्यात वाकून बादली उचलताना पाठीत कळ गेली. एक्स-रेमध्ये छातीच्या भागातला शेवटचा मणका दबलेला दिसला. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली. कण्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडाशी तुलना करणारा आकडा, जितका उणे तितकं हाड विरळ) उणे २.६, खुब्याचा उणे २.४. उंची मोजली तर पाच सेंटिमीटर कमी भरली. डी पुन्हा १७. आणि पुन्हा तेच उत्तर मिळालं, डीचा आणखी एक कोर्स.

दोन वर्षं सांगितलेलं सगळं करूनही मणका दबतो, तर काहीतरी सुटतंय असं माझ्या मनातून जात नाही. मी डॉक्टर नाही. काय विचारायला हवं तेवढं तरी कुणी सांगाल का?

पिंपळपान | ३ जून, रात्री १०:४०

आईंना खूप दुखत असेल. मणका दबल्यावर पहिले सहा-आठ आठवडे फार जड जातात, पुढे कळ कमी होते. पुढे वाकून काही उचलू देऊ नका. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

निर्झर | ४ जून, सकाळी ७:०५

ताई, मनापासून सांगतो, रोज सकाळचं कोवळं ऊन द्या. शरीर आपलं डी आपण बनवतं. माझ्या आजीने आयुष्यात एक गोळी घेतली नाही आणि नव्वदीपर्यंत ताठ चालली. आता प्रत्येकाचं डी तपासतात आणि प्रत्येकाचं कमीच निघतं. इतक्या तपासण्यांची खरंच गरज आहे का?

अस्थिमित्र | ४ जून, सकाळी ११:३०

कवडसा, मी अंतःस्रावी ग्रंथींचा डॉक्टर होतो, आता निवृत्त आहे. इथून निदान करणार नाही. पण तुम्हाला जे वाटतंय त्यात अर्थ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी मोडला जातो आणि नव्याने बांधला जातो. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. बांधणाऱ्या वेगळ्या, त्या ऑस्टिओब्लास्ट. एखाद्या ठिकाणचं जुनं हाड खणून काढायला दोन-तीन आठवडे पुरतात, पण तोच खड्डा भरायला तीन-चार महिने लागतात. ही तफावत लक्षात ठेवा. एकाच वेळी जास्त ठिकाणी खणायला सुरुवात झाली, की बांधणाऱ्या पेशी कितीही निरोगी असल्या तरी मागेच पडतात. एका वेळी किती ठिकाणी खणायचं, हे मुख्यतः संप्रेरकं ठरवतात.

बांधणाऱ्या पेशी आणि हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशी 'रँकलिगंड' नावाचं प्रथिन सोडतात. ते खणणाऱ्यांना कामावर बोलावतं. त्याला अडवणारं दुसरं प्रथिन आहे ऑस्टिओप्रोटेजेरिन. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असतं तोवर या दोघांचा तोल राहतो. पाळी जाण्याच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरची काही वर्षं हाड सर्वांत वेगाने जातं, ते हा तोल सुटल्यामुळे. थायरॉईडचं संप्रेरक जास्त झालं तर मोडणं-बांधणं दोन्हीचा वेग वाढतो आणि प्रत्येक फेरीत थोडं हाड कमी पडतं. कॉर्टिसोल किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या बांधणाऱ्या पेशींनाच मारतात. आणि पॅराथायरॉईडचं, म्हणजे गळ्यात थायरॉईडच्या मागे असलेल्या चार छोट्या ग्रंथींचं संप्रेरक सतत चढं राहिलं तर हाड रक्तासाठी कॅल्शियमची पेढी होऊन बसतं. रोज काढायचं, भरणा नाही.

आता डी. नावात जीवनसत्त्व असलं तरी काम संप्रेरकाचं आहे. त्वचेत तयार झालेलं किंवा पोटातून आलेलं डी तसंच्या तसं निष्क्रिय असतं. यकृतात त्याचं पहिलं रूपांतर होतं, रक्ताच्या अहवालात तेच मोजलेलं असतं. दुसरं रूपांतर मूत्रपिंडात. तिथे तयार होतं कॅल्सिट्रायोल, आणि ते रक्तातून जाऊन आतड्याला सांगतं, अन्नातलं कॅल्शियम उचल. मूत्रपिंडातली ही पायरी पॅराथायरॉईडच्या ताब्यात असते. म्हणजे डी, कॅल्शियम आणि पॅराथायरॉईड ही एकाच दोरीची तीन टोकं. त्यातलं एकच टोक पाहून दोरी कुठे ताणली आहे ते कळत नाही.

म्हणून विचारतो. आईंच्या रक्तातलं कॅल्शियम किती आहे? फॉस्फरस, अल्ब्युमिन, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉईडसाठी)? पॅराथायरॉईड संप्रेरक म्हणजे पीटीएच कधी तपासलंय का? मूतखडा झाला होता का? तहान फार लागते का, रात्री लघवीला उठावं लागतं का, पोट साफ होत नाही, मन उदास असतं असं काही? कधी स्टिरॉइड, फिट्सची औषधं किंवा टीबीची औषधं घेतली होती का? फेनिटोइन आणि रिफाम्पिसिन दोन्ही शरीरातलं डी लवकर संपवतात.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. उभ्या माणसाने पडून मनगट मोडणं आणि बादली उचलताना मणका दबणं, या दोन्हींचं कारण शोधायलाच हवं. "वय आहे" हे निदान होत नाही.

निर्झर, तुमच्याशी अर्धा सहमत आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल संध्याकाळी लिहितो.

अस्थिमित्र | ४ जून, संध्याकाळी ६:५०

आधी जिथे सहमत आहे ते. धडधाकट माणसाचं डी उगीच तपासू नये. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेही २०२४ च्या मार्गदर्शनात निरोगी प्रौढांमध्ये सरसकट तपासणी करू नका असं म्हटलं, आणि रक्तात निदान ३० डी हवं हा २०११ मध्ये त्यांनीच घालून दिलेला उंबरठा मागे घेतला. २०२२ मध्ये 'व्हायटल' या चाचणीचे हाडांबद्दलचे निष्कर्ष आले. जवळजवळ २६ हजार लोक, रोज २००० युनिट डी, पाच वर्षांहून जास्त काळ. हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. पण ती माणसं निरोगी होती आणि बहुतेकांचं डी मुळात पुरेसं होतं. भरलेल्या रांजणात पाणी ओतल्यासारखं ते.

याच्या उलट १९९२ चा फ्रान्समधला अभ्यास. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी ८४ वर्षांच्या ३२७० स्त्रिया. रोज ८०० युनिट डी आणि १.२ ग्रॅम कॅल्शियम दिल्यावर दीड वर्षात खुब्याचे अस्थिभंग ४३ टक्क्यांनी कमी झाले. कमतरता खरी होती, म्हणून औषधही खरं लागू पडलं. दोन्ही अभ्यास बरोबर आहेत, प्रश्न समोरचा माणूस कोण हा आहे.

आता उन्हाचं. डी तयार करणारे अतिनील-ब किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेसे पोचतात. कोवळ्या उन्हात बसणं सुखाचं आहे, पण त्याने डी फारसं बनत नाही. ढोबळ खूण अशी की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर किरण अपुरे आहेत. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो, आणि वय वाढेल तसा त्वचेतला कच्चा मालच कमी होतो. उन्हाचं एक मोठं भलं आहे, त्याने डीची विषबाधा होत नाही. जास्त झालेलं पूर्वद्रव्य त्वचेतच निरुपयोगी रूपात बदलून जातं. गोळीला अशी सोय नाही.

रानवारा | ४ जून, रात्री ९:१५

शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहिल्यावाचून राहवेना.

माझे वडील ७१ वर्षांचे. आठवड्यातून एकदा घ्यायची डीची मोठी गोळी त्यांनी रोज घेतली. चिठ्ठीवर अक्षर लागत नव्हतं आणि दुकानात कुणी समजावून सांगितलं नाही. जवळजवळ तीन महिने हे चाललं. आधी बद्धकोष्ठ, मग तहान, मग उलट्या. शेवटी शेवटी ते बोलताना मध्येच गप्प व्हायचे, आम्हाला वाटलं स्मृतिभ्रंश सुरू झाला. रुग्णालयात कॅल्शियम १३.८ निघालं, मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर आलेलं. सलाईन, औषधं, नऊ दिवस मुक्काम. डी चरबीत साठून राहतं म्हणे, त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम पूर्ण जागेवर यायला पुढे कित्येक महिने गेले.

वडील आता बरे आहेत. पण हात जोडून सांगते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डीच्या पाकिटावर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

अस्थिमित्र | ४ जून, रात्री ९:५०

रानवारा, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत असे रुग्ण वाढत गेलेले मी पाहिले. साधारण प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट, सत्तरीनंतर ८००. देखरेखीशिवाय रोज ४००० च्या वर जाऊ नये. मोठी मात्रा म्हणजे मोठा फायदा हेही खरं नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत वयस्कर स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तर त्यांचं पडणंही वाढलं आणि हाडं मोडणंही.

तळटीप | ५ जून, दुपारी २:२०

वैद्यकाचा इतिहास वाचणं हा माझा नाद. वरची "एकाच दोरीची तीन टोकं" वाचून एक प्रसंग आठवला. तो कवडसा यांच्या प्रश्नाला अगदी लागून आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नातल्या शवविच्छेदनात याकोब एर्डहाइम यांना दिसलं, की हाडं मऊ झालेल्या रुग्णांच्या पॅराथायरॉईड ग्रंथी मोठ्या असतात. त्यांनी अर्थ लावला की हाडं आजारी, म्हणून ग्रंथी मदतीला वाढतात. डीच्या कमतरतेपुरतं हे अगदी बरोबर होतं. १९१५ मध्ये श्लागेनहाउफर यांनी वेगळी शंका काढली. चारही ग्रंथी वाढल्या तर ठीक, पण एकच वाढली असेल तर? तर ती मदत नसेल, तीच आजाराचं मूळ असेल, आणि ती काढून टाकावी. दहा वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

१९२५ मध्ये व्हिएन्नातच फेलिक्स मांडल या शल्यविशारदाकडे ट्रामवर काम करणारा एक रुग्ण होता. हाडं इतकी पोकळ की मांडी मोडलेली. मांडलने आधी जुन्याच समजुतीने त्याला पॅराथायरॉईडची आणखी ऊती बसवली. म्हणजे जे जास्त होतं तेच आणखी दिलं! उपयोग झाला नाही. मग गळा उघडला, गाठ सापडली, काढली. रुग्णाचं दुखणं थांबलं आणि तो पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी आजार परत आला ही पुढची दुःखद गोष्ट, पण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल त्या दिवशी सुटली.

आणि डीला जीवनसत्त्व का म्हणतात? १९१९ मध्ये बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुलं अतिनील दिव्याखाली बरी केली. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये मेलन्बी यांनी कुत्र्याच्या पिल्लांचा मुडदूस कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने थांबवला. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी तेलातला हा घटक वेगळा ओळखला. ए, बी, सी ही अक्षरं वापरून झाली होती, म्हणून डी. ते शरीरात संप्रेरक म्हणून वागतं हे नीट कळेपर्यंत १९७० चं दशक उजाडलं. तोवर नाव पक्कं झालं होतं.

सागरगोटा | ५ जून, रात्री ८:३०

मी पुरुष आहे, ६८ वर्षांचा. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन बंद करणारी इंजेक्शनं दीड वर्ष चालू आहेत. हाडांबद्दल मला कुणी काही बोललं नाही. हा धागा बायकांच्या आजाराचा म्हणून वाचत होतो, पण आता धास्ती वाटतेय.

अस्थिमित्र | ५ जून, रात्री ९:२५

सागरगोटा, धास्ती नको, पण पुढच्या भेटीत डेक्सा मागून घ्या. या उपचाराआधीच किंवा सुरुवातीला तो व्हायला हवा होता.

पुरुषाचं हाडही बरंचसं इस्ट्रोजेनवर उभं असतं हे फार लोकांना माहीत नसतं. पुरुषात टेस्टोस्टेरॉनचाच काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींना जन्मतः इस्ट्रोजेनचा संदेशच ऐकू येत नव्हता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. तरी त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि अजून वाढतच होती, कारण हाडांची टोकं बंदच झाली नव्हती. आणि हाडं ठिसूळ. तोवर पाठ्यपुस्तकात पुरुषाचं हाड म्हणजे टेस्टोस्टेरॉन एवढंच होतं.

तुमच्या इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉनबरोबर इस्ट्रोजेनही जातं. स्तनाच्या कर्करोगात ॲरोमाटेज (इस्ट्रोजेन तयार करणारं विकर) रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांचंही हेच होतं. कर्करोगाचा उपचार मात्र आपल्या मनाने थांबवू नका. हाडांसाठी वेगळं औषध देता येतं.

पिंपळपान | ५ जून, रात्री १०:०५

संधिवातासाठी मी प्रेडनिसोलोन रोज ७.५ मिलिग्रॅम घेते. आता आठ महिने झाले. मीही डेक्सा करून घेऊ का?

अस्थिमित्र | ५ जून, रात्री १०:३०

हो. तीन महिन्यांहून जास्त चालणारं स्टिरॉइड असेल तर हाडांचा विचार सुरुवातीलाच करायचा असतो, कारण धोका पहिल्या तीन-सहा महिन्यांतच चढतो. घनता फार उतरलेली नसतानाही मणका दबू शकतो. गोळी अचानक सोडू नका, ते जिवावर बेततं. शरीराची स्वतःची कॉर्टिसोलची ग्रंथी झोपलेली असते.

पाऊलवाट | ६ जून, सकाळी ६:४०

मी २४ वर्षांची आहे, लांब पल्ल्याचं धावते. आठ महिने पाळी आलेली नाही. धावणाऱ्या मुलींचं असं होतंच असं मैत्रिणी म्हणतात, म्हणून सोडून दिलं. गेले तीन आठवडे उजव्या नडगीवर एकाच जागी दुखतं, बोट ठेवलं तरी कळ येते. डी तपासलं, ३१ आहे, म्हणजे ठीक. मग हाडाचा प्रश्न नाही ना?

अस्थिमित्र | ६ जून, सकाळी ८:१०

पाऊलवाट, आज धावू नका. उद्याही नको. एका बोटाने दाखवता येणारी हाडावरची कळ म्हणजे ताणामुळे पडलेली बारीक चीर असू शकते, साध्या एक्स-रेत ती सुरुवातीला दिसत नाही. एमआरआयबद्दल विचारा.

डी ३१ आहे, पण आठ महिने पाळी नाही म्हणजे बहुधा आठ महिने इस्ट्रोजेन तळाला गेलेलं आहे. व्यायामाला लागते तेवढी ऊर्जा जेवणातून मिळत नसेल तर मेंदू प्रजननाची व्यवस्था बंद ठेवतो. तिच्याबरोबर हाडाचा राखणदारही जातो. विशीतला काळ हाड साठवण्याचा शेवटचा टप्पा असतो, तिशीच्या आसपास ती साठवण थांबते. म्हणून हे "होतंच" म्हणून सोडायचं नाही. गर्भधारणा, थायरॉईड, प्रोलॅक्टिन ही कारणंही तपासायला हवीत. आणि कुणी नुसती गर्भनिरोधक गोळी देऊन पाळी आणली तर त्याला उपाय समजू नका. तो रक्तस्राव गोळीचा असतो, त्याने हाड भरून येत नाही. खाणं वाढवणं आणि धावणं काही काळ कमी करणं, उपाय तिथे आहे.

कवडसा | ११ जून, रात्री ११:०२

अहवाल आले. लिहिताना हात थरथरतोय.

कॅल्शियम १०.९, प्रयोगशाळेची वरची मर्यादा १०.४. अल्ब्युमिन नॉर्मल. फॉस्फरस २.३, कमी. अल्कलाइन फॉस्फटेज थोडं वाढलेलं. क्रिएटिनिन आणि टीएसएच ठीक. पीटीएच १४८, मर्यादा ६५.

आणि डॉक्टर, तुम्ही मूतखड्याचं विचारलंत म्हणून जुनी फाईल काढली. चार वर्षांपूर्वी आईला मूतखडा झाला होता. त्या वेळच्या कागदावर कॅल्शियम १०.७ लिहिलंय, शेजारी छोटा बाण. चार वर्षं तो कागद घरात होता. मनगट मोडलं तेव्हाही कुणी जुने कागद मागितले नाहीत, कॅल्शियमही परत तपासलं नाही. आई दोन वर्षं म्हणत होती की अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही. आम्ही म्हणायचो, तू बाहेर पडत जा.

अस्थिमित्र | १२ जून, सकाळी ९:००

कवडसा, आता शांतपणे वाचा. हा बरा होणारा आजार आहे.

डी कमी असेल तर आतडं कॅल्शियम कमी उचलतं, रक्तातलं कॅल्शियम खाली सरकू लागतं आणि ते सावरायला पीटीएच वाढतं. तेव्हा कॅल्शियम नॉर्मल किंवा कमी असतं. आईंच्या बाबतीत कॅल्शियम जास्त आहे. अशा वेळी निरोगी ग्रंथी गप्प बसायला हव्यात, पीटीएच तळाशी असायला हवं. ते दुपटीहून वर आहे. म्हणजे ग्रंथी ऐकेनाशी झाली आहे. याला प्राथमिक हायपरपॅराथायरॉईडिझम म्हणतात. दहापैकी आठांहून जास्त वेळा चारपैकी एकाच ग्रंथीत साधी, कर्करोग नसलेली गाठ असते. तळटीप यांनी श्लागेनहाउफरचं म्हणणं सांगितलं, तेच हे.

या आजारात डी लवकर संपतंही, आणि डी कमी असलं की कॅल्शियम प्रत्यक्षाहून कमी दिसून आजार झाकलाही जातो. त्यामुळे "डी कमी" खोटं नव्हतं. मागचं कारण राहून गेलं.

पुढे काय: २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम तपासतील. ते अगदी कमी आलं तर एक आनुवंशिक स्थिती असते, त्यात शस्त्रक्रिया करत नाहीत. मूत्रपिंडांची सोनोग्राफी. आणि डेक्सात पुढच्या हाताचं हाडही मोजायला सांगा. पाळी गेल्यावर आधी मणक्यांसारखं जाळीदार हाड जातं, पण पीटीएच हाडाची कठीण भिंत पोखरतं, आणि ती मनगटाच्या जरा वर सर्वांत नीट मोजता येते. मणका दबलेला आहे, टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली आहे, खडा होऊन गेलाय. यातलं एकेक कारणही शस्त्रक्रियेला पुरेसं मानतात.

कॅल्शियमच्या गोळीचं आणि डीचं आजच त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मोठी मात्रा नको. डी भरायचंच आहे, पण लहान रोजच्या मात्रेत आणि कॅल्शियमवर नजर ठेवून. जेवणातलं कॅल्शियम मात्र तोडू नका. ते तोडलं तर ग्रंथी आणखी चेकाळते. पाणी भरपूर.

आणि तो कागद. वाचणाऱ्याने वाचायचा असतो, ते काम तुमचं नव्हतं.

निर्झर | १२ जून, सकाळी १०:२०

ताई, माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. आईंना लवकर बरं वाटू दे.

कवडसा | २३ ऑगस्ट, दुपारी ४:१५

धागा वर काढते आहे.

हाताच्या हाडाचा टी-स्कोअर उणे ३.४ निघाला, कण्यापेक्षाही वाईट. सेस्टामिबी स्कॅनमध्ये (यात वाढलेली पॅराथायरॉईड ग्रंथी उजळून दिसते) डावीकडची खालची ग्रंथी उजळली, सोनोग्राफीतही तीच. १२ ऑगस्टला शस्त्रक्रिया झाली. नॉर्मल ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढी आणि ४०-५० मिलिग्रॅमची असते म्हणे. आईची १.४ ग्रॅम भरली. टेबलावरच पीटीएच तपासलं. काढण्याआधी १५२, काढल्यावर दहा मिनिटांनी ३१.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या, कॅल्शियम ७.६ वर उतरलं. मी घाबरले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हाडं भुकेली आहेत, इतकी वर्षं काढून घेतलेलं आता भराभर परत ओढतायत. शिरेतून कॅल्शियम दिलं, मग गोळ्या आणि कॅल्सिट्रायोल. काल ८.९ होतं.

रात्री लघवीला उठणं थांबलंय. आणि परवा आईने स्वतःहून रेडिओ लावला.

अस्थिमित्र | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

वाचून फार आनंद झाला. गोळ्या कमी करत न्यायचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून काटेकोर पाळा, दोन्ही बाजूंना घसरायला नको. सहा महिन्यांनी कॅल्शियम नॉर्मल राहिलं तर बरं झालं म्हणायचं. घनता पहिल्या वर्षभरात बऱ्यापैकी चढते. तरी पाळी गेल्यानंतरची झीज आहेच, दबलेला मणकाही आहे. त्यामुळे वर्षाने डेक्सा पाहून हाडांचं वेगळं औषध लागेल का ते ठरवावं लागेल.

सागरगोटा | २४ ऑगस्ट, सकाळी ९:४५

माझा डेक्सा झाला, खुबा उणे २.७. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दिलंय, सहा महिन्यांनी पुढचं. डॉक्टर, काही जपायचं?

अस्थिमित्र | २४ ऑगस्ट, सकाळी ११:००

तारीख जपा. डेनोसुमॅब वर सांगितलेल्या रँकलिगंडला धरून ठेवतं, म्हणून खणणं जवळजवळ थांबतं. पण ते हाडात साठत नाही. मात्रा उशिरा झाली किंवा मनाने बंद केली तर खणणाऱ्या पेशी एकदम उसळतात, आणि एकाच वेळी दोन-तीन मणके दबलेले मी पाहिले आहेत. बंद करायचं झालं तर त्याच्या जागी झोलेड्रोनेटसारखं दुसरं औषध द्यावं लागतं. दाताचं मोठं काम, दात काढणं वगैरे असेल तर दाताच्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल आधी सांगा. इंजेक्शनच्या आधी डी आणि कॅल्शियम पुरेसं आहे ना, तेही प्रत्येक वेळी बघून घ्या.

पाऊलवाट | १० नोव्हेंबर, रात्री ९:०५

एमआरआयमध्ये नडगीला चीर होती. दहा आठवडे धावणं पूर्ण बंद, आहारतज्ज्ञांकडे जाते आहे, वजन चार किलो वाढलंय. सुरुवातीला त्याचं फार वाईट वाटलं होतं. परवा पाळी आली. तेरा महिन्यांनी.

कवडसा | १० नोव्हेंबर, रात्री ९:४०

आईला वाचून दाखवलं. ती विचारते, पायाचं दुखणं थांबलं का?

पाऊलवाट | १० नोव्हेंबर, रात्री ९:५२

काकूंना सांगा, चालताना नाही दुखत. जिना उतरताना थोडं जाणवतं. सोमवारी परत दाखवायला जायचंय.